‘फितूर’ फिर्यादी

मराठी बातमीदारीत एक शब्द इतका रुळला आहे, की त्याची धार आता कुणाला टोचत नाही. फिर्याद देणाऱ्या बाईने न्यायालयात आधीचा जबाब फिरवला, की बातमीत येते, ‘फिर्यादी फितूर झाली’. गडाचा दरवाजा शत्रूला आतून उघडून देणाऱ्यासाठी जो शब्द, तोच नवरा मारतो अशी तक्रार देऊन तीन वर्षांनी ‘मला काही आठवत नाही’ म्हणणाऱ्या बाईसाठी. पुराव्याचा कायदा एवढे बोलत नाही. सरकारी वकिलाला आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची मुभा तो देतो, आणि थांबतो. फितुरी हा वरून चढवलेला साज आहे.

ही शब्दांवरून काढलेली कुरापत वाटेल. पण डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूतल्या एका अभियंत्याने पत्नी आणि सासरच्या मंडळींवर आरोप करत आत्महत्या केली, त्यानंतर जो गदारोळ उठला, त्याच्या मुळाशी हीच शब्दांची ढिलाई होती. तो मृत्यू दुःखद होता, आणि खटल्याच्या फेऱ्यात सापडलेल्या पुरुषाची दमछाक हा थट्टेचा विषय नाही. त्याच दिवसांत तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या दंड संहितेतल्या, नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाबद्दलच्या कलम ४९८-अच्या गैरवापराबद्दल कडक शब्द वापरले. मग वाहिन्यांपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत एकच हिशेब फिरू लागला. या कलमाखाली शंभरात जेमतेम पंधरा-वीस खटल्यांत शिक्षा होते, म्हणजे उरलेल्या ऐंशी बायका खोटारड्या.

हा हिशेब शाळकरी पोरानेही मांडू नये इतका कच्चा आहे. तरीही तो इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो, की त्याची फोड करणे भाग आहे.

या हिशेबाला जुना मान्यवर आधार आहे. २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ चे आकडे दिले होते. ४९८-अ खाली आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के, आणि शिक्षेचे १५ टक्के. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, हा त्या निकालाचा मुख्य आदेश, आणि तो योग्यच होता. त्या वर्षी या कलमाखाली अटक झालेल्यांत जवळजवळ चौथा हिस्सा बायका होत्या. सासू, नणंद, जाऊ. परगावी नांदणाऱ्या नणंदेचे नावही फिर्यादीत घालण्याची खोड वकिलांनी लावली आहे, आणि तिचा त्रास निरपराध माणसांना होतो, हेही नाकारता येत नाही.

पण त्याच दोन आकड्यांकडे उलट बाजूने पाहिले तर? शंभरातल्या त्र्याण्णव प्रकरणांत खुद्द पोलिसांनाच खटला उभा करण्याजोगे काही सापडले. हे तेच पोलीस, जे मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘घरगुती मामला आहे, मिटवून घ्या’ म्हणतात, अगदीच अडून बसली तर अदखलपात्र नोंद करून ‘एनसी’चा कागद हातात देतात आणि परत पाठवतात. एनसीवर तपास होत नाही, हे त्या कागदाची घडी पदराला बांधून घरी जाणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. अशी चाळण लागून जे उरते, त्याचा गुन्हा नोंदला जातो. त्यातल्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के बायकांनी बनाव रचला होता असे मानायचे, तर आधी आपल्या पोलिसांना अतोनात भोळे मानावे लागेल.

मग हे खटले सुटतात कसे? इथे एक साधी गोष्ट चर्चेतून सतत गळते. हे कलम १९८३ साली आले, ते केंद्रीय फौजदारी प्रक्रियेत तडजोडीला अपात्र ठेवून. बाईवर दबाव आणून प्रकरण मिटवले जाऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात प्रकरणे मिटतातच. कुठे घटस्फोट ठरतो, एकरकमी पोटगी ठरते, स्त्रीधन परत येते. कुठे मुलांच्या तोंडाकडे पाहून बाई पुन्हा नांदायला जाते. मिटल्यावर त्या खटल्याचे करायचे काय? एक वाट उच्च न्यायालयाची. दोन्ही पक्षांनी मिळून जायचे आणि गुन्हा रद्द करून घ्यायचा. २००३ च्या बी. एस. जोशी निकालाने ती मोकळी केली, पण तिला वकील, खर्च आणि मुंबई-नागपूर-औरंगाबादच्या खेपा लागतात. दुसरी वाट फुकटची. खालच्या न्यायालयात तारखेला उभे राहायचे आणि म्हणायचे, आठवत नाही. पोलिसांनी काय लिहून घेतले ठाऊक नाही. सही माझी आहे, मजकूर माझा नाही.

आरोपी निर्दोष सुटतो. आकडेवारीच्या तक्त्यात एक निर्दोष सुटका वाढते, आणि गैरवापराचा हिशेब मांडणारा ती आपल्या खात्यात जमा करून घेतो. ज्या बाईने ठरलेल्या रकमेतला शेवटचा हप्ता मिळावा म्हणून साक्ष फिरवली, ती त्याच्या लेखी खोटारडी. तिला वठणीवर आणून तो हप्ता हातात ठेवणारा मात्र निष्कलंक. सौद्याला दोन बाजू होत्या. फितूर एकच ठरली.

म्हणून ‘असिद्ध’ आणि ‘असत्य’ यांची गल्लत होता कामा नये. असिद्ध म्हणजे सरकार पक्षाला आरोप संशयापलीकडे नेता आला नाही. असत्य म्हणजे ती घटना घडलीच नाही, आणि हे सांगणाऱ्यानेही पुरावा द्यावा लागतो. खोटी फिर्याद हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे; खोट्या साक्षीवर कारवाईची तरतूदही ब्रिटिश काळापासून आहे. लाखो बायका खोट्या आहेत असे ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी ही कलमे लावून दाखवावीत. ती क्वचितच लावली जातात, कारण तिथेही पुरावा संशयापलीकडेच लागतो. म्हणजे पुरुषाला मिळणारा संशयाचा फायदा हवा, बाईला मिळणारा नको.

ही गल्लत नवी नाही, आणि महाराष्ट्राला तरी ती नवी वाटू नये. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. पुढचा इतिहास परिचित आहे. चार प्राध्यापकांचे खुले पत्र, मोर्चे, बलात्काराच्या कायद्यातली १९८३ ची दुरुस्ती. खटल्याचे अधिकृत नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, आरोपी हवालदाराच्या नावाने. लोकांच्या तोंडी मात्र मुलीचे नाव राहिले, हेही आपल्या सवयीला धरूनच. इथे पाहायचे ते एवढेच, की नागपूर खंडपीठाने भीतीने निमूट होणे आणि संमती देणे यांत फरक केला होता. दिल्लीने तो पुसला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराची हकिगत खोटी आणि आरडाओरडाही रचलेला, असे ठरवले. ‘सिद्ध झाले नाही’ एवढे म्हणून थांबता आले असते. न्यायालय पुढे गेले आणि मुलीला खोटे पाडून आले.

बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचे प्रमाण गेली अनेक वर्षे शंभरात सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास घुटमळते आहे, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचे वचन दिलेला, मालक. म्हणजे साक्ष देऊन जिथे परतायचे, ते घर किंवा ती गल्ली बहुधा त्याच्याच ओळखीपाळखीची.

यावर फाशीचा उपाय सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ओळखीतल्या माणसाला फाशी होईल या भीतीने आणखी तोंडे बंद होतील. चकमकीवर पेढे वाटणाऱ्यांनी बलात्काराच्या आरोपींना मारणाऱ्या हैदराबाद चकमकीची चौकशी करणाऱ्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल वाचावा. जलदगती न्यायालयांच्या घोषणेने कुणाचे नुकसान होत नाही, फायदाही फारसा दिसत नाही.

मुळात तक्रारीपर्यंत पोचतात तरी किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, विवाहित किंवा विवाह होऊन गेलेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या अवघ्या १४ टक्के. त्यातही बहुतेकींनी माहेर गाठले. पोलिसांपर्यंत जाणाऱ्या अगदीच थोड्या. गैरवापराची चर्चा पोलिसांच्या उंबऱ्याशी आलेल्या मूठभर बायकांभोवती फिरते, आणि त्यांच्यातलीही साक्ष टिकवू न शकलेली बाई हाच तिचा लाडका पुरावा.

खरे तर या बाईला बहुतेक वेळा तुरुंग नकोच असतो. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावे, मुले आपल्याकडे असावीत. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, दिवाणी स्वरूपाचा, राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचे आदेश देणारा. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात लिहिले आहे. ‘प्रयत्न’ या शब्दाच्या आडोशाला वर्षे जातात. संरक्षण अधिकाऱ्याच्या डोक्यावर पुष्कळदा दुसऱ्याच कामांचा बोजा असतो. अंतरिम पोटगीही वेळेत न मिळालेली बाई मग हाती उरलेला फौजदारी दट्ट्या पुढे करते, तो लावून काही पदरात पडले की सोडून देते, आणि तिचे ते सोडून देणे म्हणजे गैरवापर.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. गुन्हा नोंदल्यावर दोन महिने अटक नाही, तोवर प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे. अशाच समित्यांची कल्पना याच न्यायालयाने २०१८ मध्ये मोडीत काढली होती. आता आरोपीच्या अटकेआधीचे दोन महिने तारीखवार मोजले जातील. बाईच्या अर्जाचे साठ दिवसही दोनच महिने होतात, आणि २००६ साली कायदा लागू झाल्यापासून ते त्यात पडून आहेत.