आजाऱ्याच्या दारातील गर्दी

वाचन : मार्क 5:21-43

याईराच्या कन्येची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहो. ती वाचताना आपले मन शेवटच्या चमत्काराकडे धाव घेते. आज मात्र त्या वाटेवरील व त्या घरातील माणसांकडे लक्ष देऊ. कारण तशीच माणसे आजही प्रत्येक रुग्णालयात दृष्टीस पडतात.

आपल्या पारनेर तालुक्यातील मंडळ्यांतून कित्येक मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन नगर व पुणे येथील रुग्णालयांत सेवा करीत आहेत. त्यांपैकी एक सुटीत गावी आली असता मला म्हणाली, “पाळकसाहेब, एका रुग्णामागे दहा माणसे येतात. कोणी खाटेवर बसतो, कोणी सलाइनच्या नळीला हात लावतो, कोणी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला घरची भाकर चारतो. थांबवले तर शिव्या देतात. सोबतीण पाळीवर उशिरा येते आणि तिचे काम माझ्यावर पडते. हे काम सोडून द्यावे काय?” हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हे, म्हणून त्याचे उत्तर शास्त्रात शोधू.

पहिली गोष्ट ही की, प्रभूने गर्दी बाहेर काढली. याईराच्या घरी पुष्कळ लोक आकांत करीत होते. मुलगी झोपेत आहे असे प्रभूने सांगताच तेच लोक त्याला हसू लागले. ज्यांचे रडणे क्षणात हसण्यात पालटते, त्यांच्या रडण्याने आजाऱ्याला काय लाभ? प्रभूने त्या सर्वांस बाहेर घालविले आणि मुलीचे आईबाप व आपले तीन शिष्य एवढ्यांसच आत घेतले. ह्यावरून दिसते की, दाराशी उभे राहून “आता पुरे” असे म्हणणे हा प्रीतीचा अभाव नव्हे. ते सेवेचेच अंग आहे. मार्च 2017 मध्ये धुळे येथे रुग्णाच्या नातलगांनी एका तरुण डॉक्टरास मारहाण केली, तेव्हा राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. पुढे सरकारी रुग्णालयांत एका रुग्णामागे दोनच नातलगांस पास देण्याचे ठरले. अशा हल्ल्यास 3 वर्षांपर्यंत कारावास व 50,000 रुपयांपर्यंत दंड सांगणारा राज्याचा कायदा 2010 सालापासून आहे. परंतु जे कायद्याच्या धाकाने करावयाचे, ते ख्रिस्ती मनुष्याने प्रीतीने करावे.

दुसरी गोष्ट सोबत्यांविषयी. वाटेत प्रभूने, मला कोणी स्पर्श केला, असे विचारले. तेव्हा शिष्यांनी, एवढी गर्दी लोटत असता हे काय विचारणे, अशा अर्थाचे उत्तर दिले. प्रभू त्यांच्याशी वाद घालीत बसला नाही. बारा वर्षे पीडलेल्या त्या स्त्रीला शोधण्याचे काम त्याने सोडले नाही. पुढे आपल्यात मोठा कोण ह्याविषयी जे वाटेत भांडले, त्या शिष्यांपैकीच तिघांना तो ह्या घरात घेऊन गेला. आपणांसही निर्दोष सोबती मिळणार नाहीत. म्हणून अन्याय मुकाट्याने गिळावा असे मात्र नव्हे. प्रभूनेच मार्ग घालून दिला आहे : प्रथम एकांतात सांगावे, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर घ्यावे आणि मग अधिकाऱ्यांपुढे ठेवावे. पाठीमागे कुजबुज करणे हा त्यातला मार्ग नव्हे. आणि दोघींच्या तंट्यात रुग्णाचे पाणी व औषध चुकू नये.

तिसरी गोष्ट याईराची. त्याची मुलगी मरणाच्या दारी असता प्रभू दुसऱ्या रुग्णाकडे थांबला! त्या बापाच्या मनाची कल्पना करा. इतक्यात मुलगी मेल्याचा निरोप आला. तेव्हा प्रभूने प्रथम त्याचे भय ओळखले व त्याला धीर दिला. रुग्णालयात ओरडणारा नातलगही बहुधा भ्यालेलाच असतो. “डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे आहेत, मी पुन्हा येऊन सांगते,” एवढे शब्द बोलावे आणि खरोखर पुन्हा जाऊन सांगावे. त्याने पुष्कळ राग निवतो.

आता आपण जे गावात राहतो, त्यांच्यासाठी एक शब्द. कोणी आजारी पडला की जीप भरून नगरास जावयाचे, ही आपली रीत. त्यात माया आहे, हे खरे. पण 2020 सालची महामारी आठवा. नगरच्या बूथ रुग्णालयात कोरोनाचे रुग्ण होते आणि आप्तांना त्यांच्याजवळ बसता येत नव्हते. त्या दिवसांत आपल्या माणसाच्या तोंडाला पाणी लावणारा हात परक्याचा होता. तो हात आपण विसरलो काय? म्हणून भेटीस दोघांनी जावे, थोडा वेळ बसावे, हळू बोलावे, विचारल्यावाचून काही खाऊ घालू नये, आणि निघताना परिचारिकेचे आभार मानावे. बाकीच्यांनी घरी राहून प्रार्थना करावी व आजाऱ्याची गुरे सांभाळावी. हीदेखील भेटच होय.

आणि त्या भगिनीला हे सांगणे आहे. मुलगी उठल्यावर प्रभूने काय आज्ञा केली? तिला काही खावयास द्या, अशी. मृत्यूवर ज्याची सत्ता, त्याने पेजेची वाटी मात्र माणसांच्या हाती ठेवली. तेच काम तुझ्या हाती आहे. अपमान झाला म्हणून ते हलके होत नाही. थकलीस तर विसावा घे, अन्याय झाला तर स्पष्ट सांग. परंतु बाहेरच्या गर्दीच्या रागाने आतल्या मुलीला उपाशी ठेवू नको.

जो प्रभू त्या घरात शिरला, तो तुमच्या वॉर्डात व आमच्या गावात शांती देवो. आमेन.