कर्ज फिटले, ऋण फिटले का?

घेतलेले परत केले म्हणजे माणूस मोकळा होतो का? हा प्रश्न गेल्या वर्षी मला स्वतःलाच पडला.

आम्ही दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपूरमध्ये राहतो. घरची ओढाताण असताना वस्तीतल्या एका सरांनी माझी पहिल्या वर्षाची फी भरली आणि दोन वर्षे अकाउंट्सही विनामूल्य शिकवले. पुढे एका दुकानाचे हिशेब लिहून मी फीचे पैसे जमवले आणि पाकीट घेऊन सरांकडे गेलो. वाटले होते, ते नको म्हणतील. त्यांनी पैसे मोजले, ठेवून घेतले आणि "बरं झालं आणलेस" एवढेच म्हणाले. खरे तर हलके वाटायला हवे होते. उलट मन खट्टू झाले.

आजोबांना हे सांगितले. ते पोलाद कारखान्यात नोकरीसाठी इकडे आले. पण लहानपणी काही काळ कोल्हापूरच्या एका तालमीत राहिले होते. ते म्हणाले, "अरे, तालमीत दोन हिशेब असतात. एक पैशाचा, एक मातीचा."

मातीचा हिशेब असा. तालमीत नव्या मुलाच्या हाती आधी डाव नव्हे, फावडे येते. हौद्यातली लाल माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळायची. थोरल्या मल्लांचे अंग रगडायचे, थंडाई घोटायची. मग जोर, बैठका. जपानमधील सुमो मल्लही असेच एका घरात, एका गुरूच्या छत्राखाली राहतात. तिथेही धाकटे स्वयंपाक करतात आणि थोरल्यांच्या नंतर जेवतात. आज ज्याच्यासाठी माती उकरली, तो ती मेहनत परत करत नाही. तो डाव शिकवतो. आणि शिकलेला मुलगा उद्या तिसऱ्याच कुणाला तरी शिकवतो. ही खतावणी कधीच बंद होत नाही.

मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. कीर्ती मिळाल्यावर ते मातीपासून दूर गेले नाहीत. त्याच तालमीत वस्ताद होऊन त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेली मुले घडवली.

पैशाचा हिशेब मात्र खाशाबा जाधवांकडून शिकावा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला होता. राजर्षी शाहू महाराजांपासून कुस्तीला तिथे राजाश्रय होता. १९१२ चे खासबाग मैदान त्याचीच साक्ष देते. पण १९४९ साली संस्थान विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी खाशाबांना लोकांपुढे हात पसरावा लागला. गावकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी जमेल ते दिले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे ते पहिले खेळाडू.

परत आल्यावर त्यांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. 'गुरुजनांचे ऋण कधी फिटते का?' असे म्हणून ते हात जोडून बसले असते, तर कुणी दोष दिला नसता. घर मात्र गहाणच राहिले असते.

इथे आपली फसगत होते. काही जण ऋण फिटतच नाही असे गोड शब्दांत म्हणतात आणि देणेही बुडवतात. काही जण देणे चुकते करतात आणि कृतज्ञतेचेही खाते बंद करतात. मी दुसऱ्या वाटेला निघालो होतो. माझे मन खट्टू झाले, कारण पाकीट देऊन मला सरांपासून सुटका हवी होती. शिवाय त्यांनी ते नाकारावे आणि मला मोठेपणाही मिळावा, अशी लपलेली इच्छा होती. सरांनी पैसे घेतले, हा माझा सन्मानच होता. त्यांनी मला याचक ठेवले नाही.

समाजही या हिशेबात चुकतो. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, त्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी.

म्हणून आपण दोन्ही खाती वेगळी ठेवावीत. ज्याचे पैसे घेतले, त्याला ते वेळेवर, मोजून, नम्रतेने परत द्यावेत. ज्याच्याकडून विद्या, माया, आधार मिळाला, त्याची भरपाई त्याच्या हातात नव्हे, मागून येणाऱ्याच्या हातात करावी. हल्ली रविवारी सकाळी सरांच्या ओट्यावर अकरावीची दोन मुले माझ्याकडे अकाउंट्स शिकायला बसतात. सर आतून चहा पाठवतात. आपल्या मागे कोण उभे आहे, हे आज प्रत्येकाने एकदा वळून पाहावे.