बलूनचा एक मार्क

एकानं पुस्तक वाचलं, दुसऱ्यानं त्याच पुस्तकावरचा सिनेमा बघितला. दोघंही तीच गोष्ट सांगायला लागले तर खरी कुणाची धरायची? घाटकोपरला बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढं दरवर्षी येतो.

२०२० पासून इंग्रजीच्या 'युवकभारती'त कादंबरीचा वेगळा विभाग आहे. त्यात ज्यूल व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आहे. वर्गातली निम्मी पोरं असल्फ्याच्या डोंगरावरची. दहा बाय दहाच्या खोलीत वाचायला कोपरा नाही, त्यात इंग्रजी जड. मग मोबाईलवर सिनेमा बघून मोकळी होतात. चाचणीत एकानं लिहिलं, कादंबरीतला फॉग पॅरिसहून बलूनमधून निघाला. मी मार्क कापला.

तो उठला. "सर, व्हर्न तरी कुठं इंडियात आला होता? त्यानं पण मनानंच लिहिलं ना? मग त्याचं बरोबर आणि सिनेमाचं चूक कसं?"

प्रश्न बिनतोड होता. व्हर्न भारतात कधीच आला नाही. त्याच्या १८७३ च्या पुस्तकात फॉग बलूनमध्ये बसत नाही. बसवला तो १९५६ च्या सिनेमावाल्यांनी. दोन्हीकडं कल्पनाच.

माझी आजी निरक्षर. माणमधल्या आमच्या भागात जत्रेला सिनेमाचा तंबू लागायचा. तिथं तिनं अत्र्यांचा 'श्यामची आई' बघितला. साने गुरुजींचं पुस्तक तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तरी श्यामची गोष्ट सांगताना ती पदरानं डोळे पुसायची. ते रडणं वाचणाऱ्याच्या रडण्यापेक्षा हलकं होतं, असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीलाच ती सांगायची, "म्या तंबूत बघितलंया." 'पुस्तकात आसं हाय' असं ती कधी म्हणाली नाही.

मी पोराला म्हणालो, "बाळा, सिनेमा बघितलास ते चांगलं केलंस. पण तू लिहिलंस 'कादंबरीत'. गोष्ट काल्पनिक असली तरी दुसऱ्याच्या शब्दाची साक्ष खरीच द्यावी लागते."

शिवाय बलून म्हणजे नुसतं वाहन नव्हे. सिनेमात तो आपल्याला वरून मुलूख दाखवतो. पुस्तकातला फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला मुंबईत उतरतो, शहर बघत नाही, स्टेशनात जेवतो आणि रात्री आठची गाडी धरतो. जग फिरायचं पण बघायचं नाही, असा तो माणूस. बलूनमध्ये बसवला की तोच बदलतो.

ती गाडी साष्टीतून कल्याणकडं जाते. म्हणजे १८५३ साली सुरू झालेल्या बोरीबंदर–ठाणे मार्गावरून.

"म्हणजे आपल्या घाटकोपरवरनं?" पोरं जागी झाली.

"होय. पण खिडकीतून बघणाऱ्यातला तो नव्हे."

तो मार्क मी परत दिला नाही. पुढच्या चाचणीत मात्र दोन रकाने आखून दिले: पुस्तकात काय, सिनेमात काय, आणि फरकानं माणूस कसा बदलला. सुटल्यावर अर्धा तास वर्गही उघडा ठेवतो. कुठं बघितलं हे खरं सांगणं पोराकडं लागतं. पण ज्याला घरात वाचायला कोपरा नाही त्याला तो देणं, हे आमच्याकडं निघतं. ते फेडल्याशिवाय नुसता मार्क कापणं न्यायाचं होत नाही.