गेट नंबर दोन

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भाचीला पुण्यातल्या एका वसतिगृहात सोडायला गेलो. अंबाजोगाईहून रात्री नऊची रातराणी. सोबत ताई. दोघींची तिकिटं अर्धी, कारण १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मंच भाडं आहे. पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. "मामा, तुम्हीच महाग पडलात," म्हणत भाची खिडकीशी बसली. सामान म्हणजे चाकांची एक बॅग, पाठीवरची एक, गोधडी-चादरींचं गाठोडं आणि एक निळी बादली. बादली रिकामी नव्हती. तिच्यात मग, कपड्यांची दोरी, कुलूप, चिमटे, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि वरून जुन्या ओढणीने घट्ट बांधलेलं तोंड. महाविद्यालयं सुरू होण्याच्या दिवसांत कोणत्याही रातराणीत चढा, अशा दोन-चार बादल्या दिसतातच.

मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, नगर करत गाडी पहाटे पाचला वाकडेवाडीला लागली. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस तिथे हललं, 'तात्पुरतं' म्हणून. वसतिगृहाच्या सूचनेत लिहिलं होतं: पालकांसह सकाळी ११ ते १ या वेळेत हजर राहावे. म्हणजे पाच तास स्थानकाच्या बाकावर. ताईने दशम्या सोडल्या, भाचीने सामानावर डोकं टेकलं, मी चहाच्या फेऱ्या मारल्या. बायकांच्या स्वच्छतागृहात आळीपाळीने जायचं, कारण सामानापाशी कुणीतरी हवं. कॉलेजचा पहिला दिवस तिने तिथेच तोंड धुऊन सुरू केला.

दहाच्या सुमारास रिक्षा केली. फाटकावर रखवालदाराने हात आडवा केला. "बाहेरची रिक्षा आत नाही जात काका." मागून एक पांढरी मोटार आली. काच खाली झाली, "हॉस्टेल," एवढं म्हटलं गेलं आणि दांडी वर झाली. दारापासून वसतिगृह पाऊण किलोमीटर असेल. पाऊस भुरभुरत होता. बॅगेचं एक चाक निम्म्या वाटेत निखळलं. ताईने गाठोडं डोक्यावर घेतलं तेव्हा भाचीने मान दुसरीकडे वळवली. मी ते पाहिलं. ताईने पाहिलं की नाही, विचारलं नाही.

रखवालदाराचा राग येण्यात अर्थ नव्हता. त्याला दिलेला नियम तो पाळत होता, आणि नियम सूचनेतही होताच: 'वाहने गेट नंबर दोनमधून आत आणावीत. पार्किंग व्यायामशाळेमागे.' जवळचा बसथांबा कोणता, स्थानकावरून कोणती पीएमपी येते, रात्रभर प्रवास करून आलेल्यांनी कुठे टेकायचं, याबद्दल अवाक्षर नाही. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो पालक होता, त्याच्याकडे गाडी होती. माझं म्हणणं एवढंच आहे की वसतिगृह ज्याच्यासाठी काढतात, तो हा पालक नव्हे.

वसतिगृह मुळात कुणासाठी? १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढे एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. या सगळ्यामागे एक साधं निरीक्षण होतं. खेड्यातलं पोर शाळेपर्यंत रोज पोचू शकत नाही, म्हणून शाळेशेजारी त्याची राहायची सोय करायची. वसतिगृह हे अंतरावरचं औषध होतं. आज आपण खोली, खाणावळ, वायफाय, सीसीटीव्ही यांची चर्चा करतो. अंतर त्या चर्चेतून कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

सरकारी कागदांतही तेच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि ती चांगली आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये. त्यात भोजनाचे, निवासाचे आणि निर्वाहाचे असे तीन भाग. मुलगा जेवतो, राहतो, किरकोळ खर्च करतो. तिथपर्यंत येतो कसा, याचा वेगळा रकाना नाही. एसटीचा विद्यार्थी पासही मुख्यतः रोज घरून ये-जा करणाऱ्याचा. घर सोडून गेलेला मुलगा त्या हिशेबात धड बसत नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, वर्षातून एकदा भाड्याची गाडी करायला काय होतं? होतं ते असं. अंबाजोगाई ते पुणे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि सोडायला आलेली गाडी परत रिकामी जाते, तिचंही भाडं आपल्याच माथी. त्या पैशांत मुलीची दोन-तीन महिन्यांची मेस निघते. खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही, असा शासन निर्णय २०१८ पासून आहे. गर्दीच्या दिवसांत तो कुणी दाखवून पाहावा. रेल्वेचं म्हणाल, तर खुद्द बीड शहरात पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे भाचीला सोडून आम्ही परतल्यावर. बरं, आरक्षण आधी करून ठेवावं, तर प्रवेशाच्या कॅप फेरीची यादी लागते आणि हजर व्हायला हातात दोन-चार दिवस उरतात. फेऱ्या लांबून गणपतीच्या तोंडाशी आल्या की एसटीच्या गाड्या कोकणाकडे वळलेल्या असतात. तंत्रशिक्षणाचं वेळापत्रक आखणारे आणि एसटीचं आखणारे एकाच सरकारचे नोकर आहेत. एकमेकांना फोन करत नसावेत.

मी स्वतः १९९३ मध्ये याच रस्त्याने आलो होतो. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि वळकटी. दोन्ही टपावर. नगर ते पुणे हा एसटीचा पहिलावहिला मार्ग, १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गाडी सुटली ती त्यावरूनच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी फरक पडला नसता, कारण शिरूरच्या पुढे पाऊस लागला आणि ट्रंकेच्या झाकणातून पाणी शिरून वह्या भिजल्या. ते सांगतो अशासाठी की जुन्या एसटीबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. त्यांतले बहुतेक आता एसटीने जात नाहीत. मीही एरवी जात नाही. तेव्हाही हाल होते. फरक एवढाच की तेव्हा फाटकाशी सगळेच ट्रंक उतरवत होते. मोटारीतून आलेला मुलगा एखादा, आणि तोच जरा अवघडून उभा असे. माझी ट्रंक उचलायला वरच्या वर्गातली दोन मुलं धावत आली. शहाणपण त्यांचं नव्हतं, रिवाजच तसा होता.

आता पुन्हा बादलीकडे येतो, कारण खरी गोम तिच्यात आहे. मुलीने किती ओझं वाहायचं हे एसटी ठरवत नाही, वसतिगृहाची नियमावली ठरवते. गादी आपली आणा, बादली आपली आणा, आणि मे महिन्यात खोली पूर्ण रिकामी करून द्या. ही तीन वाक्यं लिहायला पैसे पडत नाहीत, पण त्यांचा भार थेट बसच्या डिकीत जातो. गादी एसटीत येत नाही. मोटारवाले घरची आणतात, बसवाले पुण्यात नवी घेतात. वर्ष संपलं की मोटारवाले ती परत नेतात, बसवाल्यांची गादी जिन्याखाली नाहीतर भंगारात. म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे, तो तीच वस्तू दरवर्षी विकत घेतो. एक कुलूपबंद खोली उन्हाळ्यापुरती दिली आणि प्रत्येकीच्या गाठोड्याला चिठ्ठी लावली, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. कित्येक वसतिगृहांत अशी खोली असतेच, मोडक्या खुर्च्यांनी भरलेली.

बाकीचंही फार अवघड नाही. पहिले चार दिवस पहाटे पाचपासून एखादा हॉल उघडा ठेवा, पाणी आणि स्वच्छतागृह वापरू द्या. त्या चार दिवसांत रिक्षा आत सोडा. हवं तर रिक्षाचा नंबर लिहून घ्या. स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पोचली, म्हणून सोलापूर-कोल्हापूरकडून येणाऱ्यांची थोडी सोय झाली, अर्थात सामानाच्या माप-वजनाच्या नियमात बसलं तर. वाकडेवाडीच्या दारात मेट्रो नाही. तिथून सकाळी दोन जादा पीएमपी मागायला कुलसचिवांचं एक पत्र पुरेल. आणि सूचनेत बसथांब्याचं नाव छापा. छापलेल्या नावाचा एक फायदा असा की वाचणाऱ्या मुलीला कळतं, आपल्यासारखं येणारं कुणीतरी इथे धरलेलं आहे.

ताईने त्या दिवशी निघताना रेक्टरबाईंना विचारलं होतं, पुढच्या वेळी लवकर आलं तर चालेल का. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "गाडीतच थांबा ना थोडा वेळ."

मे महिन्यात खोली रिकामी करताना भाचीने गादी सोडून दिली आणि बादली मैत्रिणीच्या मोटारीतून नगरपर्यंत आणली. यंदाची सूचना परवाच तिच्या फोनवर आली. वेळ ११ ते १. वाहने गेट नंबर दोनमधून.