मुलांच्या पायांतील जोडे

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे. म्हण करणाराच्या मनांत मुलाचें भावी कर्तृत्व होतें, जोडे नव्हते, हें उघड आहे. परंतु अलीकडे मूल पाळण्यांत असतांनाच त्याचे पाय दिसेनासे होतात. कारण ते बुटांत गेलेले असतात. पूर्वीं बारशाच्या आहेरांत लोकरीचे मोजे येत. ते कोणा मावशीनें अगर आत्यानें विणलेले असत आणि थंडीपुरते असत. आतां जाड तळाचे, नाड्यांचे बूट येतात. ज्याला अद्याप उभें राहतां येत नाहीं त्याला बूट कशाला, असा प्रश्न भर समारंभांत विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो. आम्हीं तो एकदां विचारला आणि अरसिक ठरलों. तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत होता. गेल्या वर्षीं तो आमच्याच घरांत आला.

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आमच्या सिल्लोडावरून जातो. गांवाच्या भोंवतालीं कापूस, मका आणि मिरची यांचीं शिवारें आहेत. जमीन काळी, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यांत ती पायाला अशी धरते कीं वहाण चिखलांत राहते व पाय तेवढा पुढें येतो. अशा गांवच्या बाजारांत आम्ही, आमच्या सूनबाई आणि तीन वर्षांचा नातू असे तिघे बूट घेण्यास गेलों. दुकानदारानें दोन जोड पुढें ठेवले. एक कापडी, साध्या रबरी तळाचा, ३५० रुपयांचा. दुसरा कोठल्याशा परदेशी नांवाचा, २,८०० रुपयांचा. पाऊल टाकलें कीं त्याच्या टाचेंत तांबडे दिवे लागत. नातवानें कोणता पसंत केला हें सांगण्याची गरज नाहीं.

आम्हीं दुकानांतच एक लहानसें व्याख्यान दिलें. आम्ही स्वतः चौथीपर्यंत अनवाणी शाळेंत गेलों, पाय कसे दणकट झाले, आणि मुलाला लहानपणींच चैनीची गोडी लावणें म्हणजे त्याचें अहित करणें, असा त्याचा सारांश होता. गिऱ्हाइकें ऐकत होतीं, त्यामुळें तें थोडें लांबलें. सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहेत, त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व मग म्हटलें, "मामा, तुम्ही अनवाणी होतांत, कारण तुमच्या घरीं पैसे नव्हते. तुम्हांला कोणी विचारलें असतें तर तुम्हीं बूट नको म्हटलें असतें का?" मग त्यांनीं आपली गोष्ट सांगितली. थोरल्या भावाचे जोडे, पुढच्या बाजूस चिंध्या कोंबून, त्यांनीं दोन वर्षें वापरले होते. मुलाच्या पायांत पहिल्यापासून त्याचे स्वतःचे आणि चांगले जोडे असावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दिव्यांचा जोड घरीं आला.

उत्तर नव्हतें, याचें कारण त्यांचें म्हणणें खरें होतें. आमच्या पिढींतील पुष्कळ गृहस्थांना आपल्या दारिद्र्याचा उत्तर वयांत अभिमान वाटूं लागतो, आणि जें नाइलाजानें सोसलें तें व्रत म्हणून पाळलें असें ते नातवंडांना सांगतात. ही थोडी लबाडीच आहे. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. माघाच्या सुमारास कापसाची वेचणी संपून शेतांत पऱ्हाट्या कापल्या होत्या. त्यांतील एक तिरपा खुंट त्याच्या टाचेंत शिरला. घरच्यांनीं हळद-चुना भरला. आठ-दहा दिवसांनीं त्याची दांतखिळी बसली, आणि मग अंग धनुष्यासारखें वांकूं लागलें. तो पुन्हा वर्गांत आला नाहीं. अनवाणी चालण्याचें माहात्म्य सांगतांना हा मुलगा आम्ही नेहमीं वगळीत आलों होतों. आज धनुर्वाताची लस प्रत्येक मुलास सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. परंतु खुंट, सराटे, कांच आणि साप यांवर लस नाहीं. आणखी एक शत्रु डोळ्यांस दिसत नाहीं. अंकुशकृमीचीं पिलें ओल्या मातींतून उघड्या कातडीवाटे शरीरांत शिरतात, हें आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या लक्षांत कैरो येथें १८९८ सालीं आलें; कृमींचें पाणी चुकून त्याच्याच हातावर सांडलें होतें. हे कृमि आंतड्यांत बसून रक्त पितात आणि मूल पांढुरकें, सुस्त होतें. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळून शाळांतून आणि अंगणवाड्यांतून गोळ्या दिल्या जातात त्या याचसाठीं.

आणि पायाखालच्या मातीहून वाईट असें एक कारण होतें, तें माणसांनीं केलेलें होतें. पाटलाच्या वाड्यापुढून जातांना अमक्या जातीच्या माणसानें वहाणा काढून हातांत घ्याव्या, असा दंडक आपल्या पुष्कळ गांवांतून होता. पायांतली वहाण पायांतच बरी, ही म्हण आपण सहज उच्चारतों. ज्याला उद्देशून ती म्हटली जाई त्याला तिचा अर्थ नीट कळत असे. ज्यांच्या आजोबांना जोडे घालण्याची मुभा नव्हती, त्यांनीं नातवाला अंमळ झगझगीत जोडे घेतले तर त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं.

येथवर आम्ही सूनबाईंच्या बाजूचे आहों. परंतु मुलाला जोडे हवेत एवढें सिद्ध झालें म्हणजे भारी किंमतीचे जोडे हवेत हें सिद्ध होत नाहीं, आणि घरोघरीं घोटाळा होतो तो याच जागीं. पहिल्या गोष्टीचीं कारणें आपण दुसरीसाठीं वापरतों. आमच्या घरांतही "पायाला आधार मिळतो", "हाड नीट बसतें", अशीं वाक्यें ऐकूं आलीं. तीं दुकानदाराचीं होतीं. याविषयीं वैद्यांचें मत निराळें आहे. लहान मुलाच्या पायांत हाडाच्या जागीं पुष्कळशी कूर्चाच असते आणि तळव्याखालीं चरबीची गादी असते, म्हणून त्याचा तळवा सपाट दिसतो. मूल चालतें, धांवतें, चवड्यावर उभें राहतें, तसतशी तळव्याची कमान आपोआप उभी राहते. राव आणि जोसेफ या आपल्या देशांतील दोन डॉक्टरांनीं चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचें प्रमाण शेंकडा ८.६ आढळलें, न वापरणाऱ्यांत २.८. त्यांतही पुढून बंद असलेल्या बुटांत तें सर्वांत अधिक, सपाता व सँडल यांत कमी. अमेरिकेंत सपाट तळव्याच्या मुलांना तीन वर्षें खास सुधारक बूट देऊन पाहिले; त्याचा निष्कर्ष १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. बूट न दिलेल्या मुलांचे पाय जितके सुधारले तितकेच बूट दिलेल्यांचे सुधारले होते.

तेव्हां जोड्याचें काम राखणदाराचें आहे. पायाला वळण लावणें हें त्याचें काम नव्हे. कांटा, खिळा, तापलेली माती व चिखल यांपासून पाय वांचवावा आणि बाकी त्याच्या वाटेस जाऊं नये. हें काम मऊ, लवचीक, रुंद पुढ्याचा कोणताही जोड करतो. पायाला लागणारी ही किंमत कांहीं शें रुपयांत भागते. त्यापुढचा पैसा पायासाठीं नसतो. तो कशासाठीं असतो, हें ज्यानें त्यानें दुकानांतील आरशापुढें स्वतःस विचारावें. आमच्या पाहण्यांत तो बहुधा शेजारच्या मुलाच्या पायांकडे पाहून खर्च होतो. लहान मुलाला किंमत कळत नाहीं. त्याला दिवे कळतात, रंग कळतो, आणि खोकें तर सर्वांहून अधिक आवडतें. किंमत आपल्याला कळते, आणि ती दुसऱ्यास कळावी अशीही आपली इच्छा असते.

शिवाय हा पैसा टिकतो किती? चालूं लागल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाचें पाऊल महिन्याला सुमारें दीड मिलिमीटर वाढतें. पुढें सहाव्या वर्षापर्यंत सुमारें एक मिलिमीटर. फ्रेंच मापाचा एक आंकडा म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. म्हणजे चार-सहा महिन्यांत जोडा एका आंकड्यानें लहान होतो. (इंग्रजी मापाचा आंकडा जवाच्या एका दाण्याएवढा, आणि आपल्या शास्त्रकारांनींही आठ यवांचें अंगुळ मानलें. जोड्यांच्या बाबतींत सातासमुद्रांपलीकडचे लोक आणि आपण एकाच खळ्यावर होतों, हें पाहून आम्हांस गंमत वाटली.) २,८०० रुपयांचा जोड नातवानें पांच महिने वापरला, त्यांतही रोज नव्हे. भारी म्हणून तो चिखलांत घालूं दिला नाहीं, मळेल म्हणून अंगणांत नाहीं, आणि लग्नकार्यांत हरवेल म्हणून तेथेंही नाहीं. ज्या पावसाळ्यांत पायाला राखणदाराची खरी गरज होती, तो त्यानें जुन्या रबरी चपलांवर काढला. पायानें जोडा राखावा असा हा उलटा प्रकार झाला.

कोणी म्हणेल, आईबापांनीं मुलावर पैसा खर्च करावा यांत इतका हिशेब कशाला? प्रेमाला हिशेब नसतो. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांतील एक प्रसंग बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. स्नान झाल्यावर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याच्यापुढें आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. त्या आईला श्यामसाठीं याहून भारी कांहीं करतां आलें नसतें, आणि त्यांत एक पैचा खर्च नव्हता. हें उदाहरण आम्ही कंजुषीच्या समर्थनार्थ देत नाहीं. ती आई खालीं वांकली होती आणि त्या क्षणीं त्या पायांकडे पाहत होती, एवढेंच दाखवावयाचें आहे. भारी बूट घेणारा बाप पुष्कळदां पायांकडे पाहत नाहीं. किंमत मोजली म्हणजे पाहण्यांतून सुटलों असें त्याला वाटतें.

२०२३ सालीं राज्य शासनानें सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे देण्याचें ठरविलें आणि त्यासाठीं दर विद्यार्थ्यामागें १७० रुपये धरले. हा आंकडा सूनबाईंनींच आम्हांस सांगितला. एवढ्या पैशांत कसला बूट येणार, असें आम्ही म्हणालों. त्या म्हणाल्या, "आमच्या वर्गांत बूट आले त्या दिवशीं दोन मुलांनीं ते दप्तरांत घालून घरीं नेले. पायांत घातले तर झिजतील म्हणून." म्हणजे आमच्या घरांत २,८०० रुपयांच्या जोडाचें जें झालें, तेंच तेथें १७० रुपयांच्या जोडाचें झालें. या दोहोंत साम्य आहे असें म्हणण्याचा धीर मात्र आम्हांस होत नाहीं.

दिव्यांचा जोड लहान झाला तेव्हां तो आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंच्या मुलास दिला. मुलगा नातवाहून थोडा मोठा, पण अंगानें लहान. जोड जवळजवळ नवा होता. वस्तु वायां गेली नाहीं आणि एका गरीब मुलास चांगला जोड मिळाला, असें दुहेरी समाधान आम्हांस झालें. काटकसर आणि औदार्य एकाच जोडांत! पुढें दीड-दोन महिन्यांनीं तो आईबरोबर आला. पायऱ्या चढतांना तो पाय बाहेरच्या कडेवर टाकीत होता आणि टाचेंत दिवे लागत होते. आम्हीं त्यास ओट्यावर बसविलें व बुटाचा पुढा आंगठ्यानें दाबून पाहिला. बोटें आंत दुमडलेलीं होतीं. बूट काढला तर टाचेची कातडी सोललेली. बाई संकोचून म्हणाल्या, "इतके भारी बूट, भाऊ. टाकवत नाहींत."

सूनबाई दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत जाऊन त्यांनीं पाणी आणि कापूस आणला व मुलाची टाच धुतली. चिंध्या कोंबलेल्या जोड्याची त्यांची गोष्ट आमच्या मनांत आली, त्यांच्याही आली असावी.

त्याच संध्याकाळीं आम्ही दोन्ही मुलांना घेऊन त्याच दुकानांत गेलों. दोघांनाही उभें करून मापें घेतलीं, कारण बसलेल्या पायाचें माप कमी भरतें. पुढें आंगठ्याएवढी जागा राहील असे दोन कापडी जोड घेतले, सातशें रुपयांस दोन. बाईंचा मुलगा दुकानाबाहेर जातांच धांवूं लागला. आमचे चिरंजीव नातू मात्र दिवे नाहींत म्हणून बसस्थानकापर्यंत रुसलेले होते. तेथें उंसाचा रस मिळाल्यावर त्यांचें मन वळलें.

जुना जोड माळ्यावर आहे. तो आतां कोणास द्यावा याचा निर्णय झालेला नाहीं. परवां माळा झाडतांना त्याला हात लागला, तर दिवे अजून लागतात.