कणगी आणि अपरिग्रह

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणांची एक प्रतवारी आहे, आणि ती घरातल्या धान्यावरून लावलेली आहे. कोठी भरेल एवढं धान्य ठेवणारा, रांजणभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतं ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यातला प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा श्रेष्ठ. कोठीभर म्हणजे नेमकं किती, यावर टीकाकारांचं एकमत नाही. कुणी तीन वर्षांचं म्हणतो, कुणी बारा दिवसांचं. पण कल स्पष्ट आहे. घरात धान्य जितकं कमी, तितका माणूस मोठा.

ही शिकवण एकट्या मनूची नाही. बौद्ध भिक्खूला आज मिळालेलं अन्न ठेवून उद्या खायला विनयाने मनाई केली आहे. जैन साधू रात्रीपुरतंही अन्न जवळ बाळगत नाही. भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशीला जागा देतो, कारण साठवलेल्या मधापायी तिचा जीव जातो. भिक्षूने संध्याकाळसाठीसुद्धा साठवू नये, हा धडा तो तिच्याकडून घेतो. याच स्कंधावरची टीका एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि हा विचार मराठीत घरोघरी पोचला. १९३० मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. त्यांत अपरिग्रहाचं नातं त्यांनी थेट अस्तेयाशी जोडलं: गरज नसताना जवळ ठेवलेली वस्तू चोरीची नसली, तरी चोरीच्याच मालात मोजावी.

आणि हे सगळं भक्तिभावाने ऐकणारं मराठी घर काय करत होतं? साठवत होतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गहू-ज्वारी वाळवायची, गव्हाला एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालून कणग्या भरायच्या. देशावरच्या वाड्यांत बळदं होती, गावाबाहेर जमिनीत पेवं होती. कोकणात भाताच्या मुड्या बांधून ठेवत. आगोटीच्या बेगमीत मीठ, आमसुलं, कुळीथ, सुके बोंबील, जवळा, सोडे असं सगळं आलं. सांडगे, कुरडया आणि पापड करायला आळीतल्या बायका एकमेकींच्या अंगणात जमत. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्यात मडगावच्या चर्चच्या फेस्ताला भरणाऱ्या फेरीत सुकी मासळी, मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस घेतल्याशिवाय पावसाळ्याची तयारी पुरी होत नाही. म्हणजे इथे धर्माचा सण आणि घराचा साठा हातात हात घालून येतात. कारण साधं आहे. पावसाचे चार महिने समुद्र बंद असे, नदी-ओढे भरले की वाटा तुटत, आणि शेतात पेरलेलं पीक हाती यायला दसरा-दिवाळी उजाडे.

ही सवय किती जुनी आहे ते पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी दिसतं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथल्या घरांना धान्य साठवायचे खड्डे होते, आणि गावच्या प्रमुखाच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या पाच खोल्यांच्या घराला लागून एक धान्यकोठार होतं.

मग मराठी गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या धर्माविरुद्ध वागत आली का? अजिबात नाही. उद्यासाठी काहीही न ठेवणारा माणूस उद्या जेवतो, तो कुणाच्या तरी कणगीतून. भिक्षेची झोळी ज्या दारात थांबते, त्या दारामागे साठा असतो म्हणूनच अपरिग्रहाचं व्रत पाळता येतं. धर्मशास्त्रांनी हे ओळखलं होतं; बाकीचे तीन आश्रम गृहस्थाच्या आधारावर जगतात असं ती सांगतात. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीत तर अन्न पुष्कळ करावं हे एक व्रत सांगितलं आहे आणि वस्तीला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये हे त्याला लागूनच दुसरं. या दोन व्रतांचा शेजार योगायोगाचा नाही. दुसरं पाळायचं तर पहिलं आधी पाळलेलं असावं लागतं. जैनांनीही साधूचा नियम श्रावकावर लादला नाही. श्रावकासाठी परिग्रहपरिमाण व्रत आहे: जमीन, सोनं, धनधान्य यांची मर्यादा त्याने स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. साठा ठेवावा, पण त्याला काठ असावा.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे धर्मचर्चेत फार कमी वेळा पाहिलं जातं. ज्या मनुस्मृतीने ब्राह्मणाला साठा न करण्याचं श्रेय दिलं, तिनेच दहाव्या अध्यायात शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असं बजावलं. एकाला जो त्याग पुण्य म्हणून सांगितला, तो दुसऱ्यावर बंदी म्हणून लादला. गावगाड्यात त्याचा अर्थ रोजच्या भाकरीत दिसत होता. महारवाड्यातल्या घरांना कामाचा मोबदला खळ्यावरच्या बलुत्यात आणि दारोदार मागून आणलेल्या भाकरीत मिळे. उद्यासाठी काही न ठेवणारी माणसं तीही होती, पण त्यांना कुणी श्रेष्ठ म्हटलं नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचं दहन झालं, त्यामागच्या संतापात ही रिकामी मडकीही होती असं मानायला हवं. साठवण्याची मुभा ज्याला आहे, त्याने न साठवणं हे व्रत ठरतं. मुभाच नसलेल्या माणसाचं न साठवणं ही उपासमार असते, आणि तिला अपरिग्रहाचं नाव देणं हा घोर अन्याय आहे.

हा भेद २०२० मध्ये पुन्हा उघडा पडला. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. ती मध्यरात्रीपासून लागू होणार होती. ज्यांच्या हातात पैसा होता आणि घरात जागा होती, त्यांनी त्या चार तासांत दुकानं गाठली. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जणांनी मिळून राहणाऱ्या मजुरांकडे आठवडाभराचा शिधा ठेवायला फळीसुद्धा नव्हती. पुढच्या काही आठवड्यांत नाशिकच्या महामार्गावरून जी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली, ती रोज आणून रोज खाणाऱ्या घरांतली होती. त्या रांगा पाहून हळहळलेल्या अनेकांना पूर्वतयारी हा गरिबांच्या आळसाचा प्रश्न वाटला. तो ऐपतीचा आणि जागेचा प्रश्न होता.

आदिवासी पट्ट्यात शासनाने ही गोष्ट फार आधी मान्य केली होती. पावसाळ्याच्या महिन्यांत रोजगार थांबतो आणि घरातलं धान्य संपतं, म्हणून महाराष्ट्रात १९७८ मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज योजना आली. २०२० मध्ये कर्जाऐवजी खावटी अनुदान मंजूर झालं: कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा शिधा. रक्कम अपुरी होती, पण मागचं तत्त्व योग्य आहे. ज्याला स्वतःची बेगमी करता येत नाही, त्याची करणं हे समाजाचं काम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोठारप्रमुखाला हाच नियम घालून दिला आहे: जमा झालेल्यातला अर्धा भाग प्रजेवरच्या आपत्तीसाठी राखून ठेवावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागी नवं भरत राहावं. हा शेवटचा तपशील लिहिणाऱ्याला कोठाराचा वास माहीत होता. राखीव साठा म्हणून एकदा भरून विसरलेलं धान्य सोंडे आणि टोके खातात.

मराठी मनाने मात्र कोठाराच्या मालकापेक्षा ते उघडणाऱ्याला मान दिला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा त्याचमुळे टिकली. बेदरच्या बहामनी सत्तेचं धान्य त्यांनी दुष्काळात भुकेल्यांना वाटलं आणि त्याचा भरणा विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने केला, असं संतपरंपरा मानते. चमत्कारावर विश्वास असो वा नसो, कथेतला निवाडा महत्त्वाचा आहे: पोटं रिकामी असताना कुलूप लावलेलं कोठार ही ईश्वरालाही न पटणारी गोष्ट. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. व्यापार आणि सावकारी करणाऱ्या या घरातल्या माणसाने त्यानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते.

म्हणूनच घरची बेगमी आणि व्यापाऱ्याची साठेबाजी या दोहोंना एकाच मापाने मोजणं चूक आहे, आणि टंचाई आली की समाज नेमकी तीच चूक करतो. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागे मुंबईतल्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्या माळ्यांवर पापड-कुरडयांचे डबे होते त्याच बायका दडवलेलं तेल आणि रवा बाहेर काढा म्हणून लढत होत्या, आणि यात कुठलाही दुटप्पीपणा नव्हता. सुगीत, बाजारात माल ओसंडत असताना भरलेली कणगी कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. उलट त्या वेळी शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि टंचाईत ते घर रांगेबाहेर राहतं. घबराटीत रिकामी केलेली फळी मात्र शेजाऱ्याच्या वाट्याची असते. साठवणीची नीती किलोत मोजता येत नाही. ती कधी भरली आणि कुणासाठी उघडली, यावर ठरते.

पूर्वतयारीची थट्टा करणं ही आजच्या सुखवस्तू समाजाची खोड आहे. २०१६ मध्ये जर्मन सरकारने नागरिकांना दहा दिवसांचं अन्न आणि पाच दिवसांचं पाणी घरी ठेवायला सुचवलं, तेव्हा तिथे त्याची मनसोक्त टिंगल झाली. चार वर्षांनी महासाथीत तिथल्याच दुकानांतल्या फळ्या ओस पडल्या. आपल्या शहरांत महिन्याचं वाणसामान भरायची पद्धतही आता मागे पडते आहे. दहा मिनिटांत दारात डाळ-तांदूळ येत असताना डबे कशाला भरायचे, असं नव्या घरांना वाटतं, आणि कोठीची खोली तर नकाशातूनच गेली आहे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद ठेवला, २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा दिवशी मोबाइलवरून मागवलेलं काहीही पोचत नाही. पुराने साठवणीलाही धडा दिला आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं २००५ च्या पुरात पाण्याने भरली, आणि जमिनीत ठेवलेला माल सुरक्षित हा पिढ्यांचा भरवसा तिथे मोडला. नदीकाठच्या घराने धान्य माळ्यावरच ठेवावं.

तेव्हा यंदा मृग लागण्याआधी ज्यांना शक्य आहे त्यांनी घरात दोन आठवड्यांचा जास्तीचा शिधा भरावा: तांदूळ, डाळ, पीठ, तेल, मीठ, काडेपेटी आणि पिण्याचं पाणी. तो सुरळीत दिवसांतच भरावा, जुना वापरत नवा ठेवत जावा. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंच्या, इमारतीच्या रखवालदाराच्या, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या नावाचा वाटा त्यात पहिल्या दिवसापासून धरावा.