वाळत घालण्याचा प्रश्न

चंद्रपुरात कपडे वाळवायला यंत्र घेणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात शेकोटी विकत आणणे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. शेवटचा सदरा दोरीवर जाईपर्यंत पहिला पापडासारखा कडक झालेला असतो.

तरी आमच्या दोन खोल्यांत धुणारे-वाळवणारे जोडयंत्र यावे की नाही, यावर आठवडाभर खल चालला आहे. माझा विरोध तात्त्विक. (जागा नाही, हेही एक तत्त्वच!) हिचे म्हणणे रोकडे : "ऊन फुकट आहे हो, पण काळी भुकटीही फुकटच येते. बनियन पांढरा टाकते, करडा काढते." आता या गावाला खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, चिमण्या आहेत; भुकटीवर काही कुणाचे नाव लिहिलेले नसते.

पण मग वाळवायला वीज कुठली? इथलेच २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळसाच जाळते. आणि धुण्यापेक्षा वाळवायला वीज कितीतरी जास्त लागते. म्हणजे कोळशापासून वाचायला मी कोळसाच जाळणार. माझा बनियन शुभ्र होणार आणि जिच्याकडे यंत्र नाही, त्या शेजारणीच्या दोरीवर चिमूटभर भुकटी वाढणार. हा व्यवहार मला पटेना.

"आणि श्रावणात?" हिने विचारले. "आठ-आठ दिवस ओले राहतात, त्यांचे काय?"

यावर तत्त्वज्ञान गप्प. दुकानदार सांगत होता, यंत्र आठ किलो धुते, पण वाळवते पाचच. उरलेल्या तीन किलोंत कुणाचे कपडे, हे घरात ठरूनही गेले आहे. दोरी माझ्या नावावर.